'टेक' म्हणजे 'घेणे', हे शिकवणं थांबवायचं का?

लोकमान्यनगरची मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी इंदूरला संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. अकरावी-बारावीची मुलं असतात, काही नोकरदार, काही गृहिणी. बहुतेकांच्या घरी मराठी, शाळेत हिंदी आणि चौकात इंदुरी. सगळ्यांच्या डोक्यात एक ओळ पक्की बसलेली: टेक म्हणजे लेना, टेक म्हणजे घेणे.

ओळ खोटी नाही, पण ती फार थोड्या अंतरापर्यंत सोबत करते. फोटो आपण काढतो, वेळ आपल्याला लागतो, बस पकडतो, डावीकडे वळतो, पाहुण्याला 'बसा' म्हणतो, आजीला दवाखान्यात नेतो, ताप बघतो, एखाद्याचं बोलणं मनाला लावून घेतो आणि कार्यक्रम पार पडतो. इंग्रजीत या सगळ्यांना एकटं 'टेक' पुरतं. टेक अ फोटो, इट टेक्स टाइम, टेक अ बस, टेक अ लेफ्ट, टेक अ सीट, टेक हर टू द हॉस्पिटल, टेक हर टेंपरेचर, टेक इट पर्सनली, आणि कार्यक्रम 'टेक्स प्लेस'. मग 'घेणे' एवढीच शिदोरी असलेला मुलगा हिंदीतलं 'खींचना' आठवून 'पुल अ फोटो' लिहितो, औषधाला 'ईट' लावतो, आणि 'मला वेळ लागला' याचं काय करावं हे न कळून 'माय टाइम वॉज गॉन' असलं काहीतरी ठोकून देतो.

माझं म्हणणं असं की 'टेक'ला स्वतःचं वजन फार कमी आहे. अर्थ पुढच्या नामात असतो: फोटो, टाइम, सीट, लेफ्ट. 'टेक' त्याला फक्त वाक्यात उभं करतं. म्हणून टेकचे अर्थ पाठ करण्यापेक्षा टेकच्या जोड्या पाठ कराव्यात, आणि प्रत्येक जोडीपुढे 'घेणे' न लिहिता आपण घरी खरंच जे म्हणतो ते लिहावं. 'टेक अ नॅप' पुढे 'झोप घेणे' नको, 'डुलकी काढणे' हवं.

वर्गात वाटायला अशी जोड्यांची वही तयार करायची आहे. तुमच्याकडून भर हवी. वादही चालतील.

---

भंवरकुआं भिया

ताई, वादच घ्या मग. आमच्या इकडे कोचिंगच्या गल्लीत रोज हाच घोळ. आम्ही परीक्षा देतो, सर परीक्षा घेतात. 'आय विल टेक द एक्झाम' लिहिलं की वाटतं मीच सर झालो. आणि 'आय गेव्ह द एक्झाम' लिहिलं की सर लाल पेन घेऊन येतात. नक्की कोण देतंय आणि कोण घेतंय?

---

सदाशिव पेठकर

यात वाद कसला? इंग्रजीत परीक्षा विद्यार्थी 'टेक' करतो किंवा 'सिट' करतो. पेपर काढणारा 'सेट' करतो. परीक्षा घेणारा 'गिव्ह', 'होल्ड' किंवा 'कंडक्ट' करतो. आपल्या बरोब्बर उलट. 'आय गेव्ह द एक्झाम' याचा अर्थ 'मी परीक्षा घेतली' असा होतो. सबब चूक. पुढे चला.

---

निद्रिस्त कोडर

पेठकर, इतक्या लवकर निकाल लावू नका. आमच्या टीममध्ये कॅनडाचे लोक आहेत, ते सरळ 'राइट ॲन एक्झाम' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतही 'राइट'. आपल्याकडे चेन्नई-बेंगळुरूची मुलंही 'आय रोट द एक्झाम' म्हणतात. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या जगातच एकमत नाही. आणि भारतात 'गिव्ह द एक्झाम' इतकं रुळलंय की इथल्या इथे कोणाचा गैरसमज होत नाही. त्याला चूक म्हणायचं की भारतीय इंग्रजी, हे ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं.

---

मांडवी दरवाजा

बडोद्याहून लिहितोय. गुजरातीतही 'परीक्षा आपवी', म्हणजे द्यायचीच. मराठी, हिंदी, गुजराती, तिन्हींत विद्यार्थी देणारा आणि मास्तर घेणारा. मुलाखतीचंही तसंच. आपण नोकरीची मुलाखत देतो, साहेब घेतात. इंग्रजीत 'गिव्ह ॲन इंटरव्ह्यू' म्हटलं की पत्रकारांपुढे बसलेला मंत्री किंवा नट डोळ्यांसमोर येतो. नोकरीसाठी गेलेला उमेदवार 'हॅज ॲन इंटरव्ह्यू' किंवा 'गोज फॉर ॲन इंटरव्ह्यू'.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

कोडर, तत्त्व म्हणून तुमचं पटतं. पण भिया, तू आयेल्ट्सला बसणार असशील तर तिथे 'टेक'च लिही. परदेशी परीक्षकाला 'आय गेव्ह' वाचून तू शिक्षक होतास असं वाटू शकतं. घरी काय बोलायचं ते घरचे बघतील.

यातली गंमत मी वर्गात अशी सांगते. आपल्या मनात परीक्षा म्हणजे मास्तरांनी मागितलेला हिशेब. ते घेतात, आपण देतो. इंग्रजी मनात परीक्षा म्हणजे समोर ठेवलेली एक गोष्ट, विद्यार्थी ती उचलतो. पण हजेरीच्या वेळी इंग्रज आपल्या बाजूला येतो! हजेरी मास्तरच घेतात आणि तिकडेही मास्तरच 'टेक्स अटेंडन्स'. ब्रिटिश शाळेत 'टेक्स द रजिस्टर'. शिवाय ब्रिटिश मुलगा 'ही टेक्स अस फॉर मॅथ्स' असंही म्हणतो, म्हणजे ते सर आम्हाला गणित शिकवतात. उलट अमेरिकेत 'आय ॲम टेकिंग अ क्लास' म्हणणारा बहुतेक विद्यार्थीच असतो. आपल्याकडची 'आय टेक ट्यूशन्स' म्हणणारी बाई शिकवते की शिकते, हे मात्र देवालाच ठाऊक.

---

तात्या जुनेइंदूरकर

मास्तरीणबाई, विषय छान काढलात. थोडा इतिहास.

'टेक' हे मुळात इंग्रजांचं नव्हेच. जुन्या इंग्रजीत 'घेणे' याला 'निमन' असा शब्द होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊ आजही ठणठणीत आहे, 'नेमन'. मग डेन्मार्क-नॉर्वेकडची मंडळी जहाजांतून आली, लुटालूट केली, मग तिथेच राहिली, शेती केली, संसार थाटले. १०१६ मध्ये तर कनूट नावाचा डेनिश राजाच इंग्लंडच्या गादीवर बसला. या लोकांच्या नॉर्स भाषेतलं 'ताका' इंग्रजीत शिरलं आणि पुढच्या दोन-तीन शतकांत त्याने 'निमन'ला घराबाहेर काढलं. स्काय, एग, नाइफ, विंडो, हजबंड हे शब्द त्याच मंडळींचे. इतकंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा. परकी सर्वनामं घेणं ही साधी गोष्ट नाही. शेजार किती घट्ट होता ते यावरून कळतं.

'निमन' पूर्ण मेला नाही. हातपाय बधिर होतात त्याला इंग्रजीत 'नम' म्हणतात, ते मूळचं 'घेतला गेलेला', म्हणजे कशाने तरी धरलेला. आणि चपळ या अर्थाचं 'निंबल' हेही त्याच घरचं, चटकन पकडणारा तो.

आता मला भावलेली गोष्ट. या 'ताका'च्या कुळात सर्वांत जुना अर्थ 'घेणे' नसून 'हात लावणे' हा दिसतो. गॉथिक भाषेत 'तेकन' म्हणजे स्पर्श करणे. म्हणजे आपलं लागणे-लावणे! 'इट टेक्स टाइम' याला आपण 'वेळ लागतो' म्हणतो, ते उगीच नाही.

---

सदाशिव पेठकर

तात्या, इतिहास उत्तम, शेवटचा निष्कर्ष नको. 'लागणे' संस्कृतातल्या 'लग्'पासून, म्हणजे चिकटणे. 'टेक' जर्मानिक. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेने स्पर्शाच्या क्रियापदाला वेळेच्या कामाला लावलं असेल, एवढंच म्हणता येतं.

---

तात्या जुनेइंदूरकर

संबंध आहे असं मी कुठे म्हटलं? दोन वाटा एका चौकात मिळाल्या, एवढाच आनंद. तुम्ही पुण्याचे, आनंदालाही पुरावा मागता.

बाकी शब्दकोशवाल्यांची दया येते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे फेरतपासणी करताना २०११ मध्ये 'रन' हे क्रियापद ६४५ अर्थांनी तिच्यावर मात करून गेलं. 'टेक' त्यांच्याच पंगतीतलं. आणि आपल्याकडे मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७. त्यात 'लागणे' काढून बघा, किती खाली खाली वाचत जावं लागतं ते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, आंब्याला मोहोर लागतो, घाटात गाडी लागते, आणि नात्यात तो माझा कोण लागतो हेही. इंग्रजाच्या मुलाला मराठी शिकवायची वेळ आली तर तो 'लागणे'पुढे रडेल, जसा आपला 'टेक'पुढे रडतो.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

तात्या, तुमच्या 'लागणे'चा मला वर्गात फार उपयोग आहे. 'टेक'चा एक अख्खा कप्पा फक्त 'लागणे'ने उघडतो. वेळ लागतो, हिंमत लागते, दोन माणसं लागतात, केकला तीन अंडी लागतात, या गाडीला डिझेल लागतं, मला सात नंबरचा बूट लागतो. सगळीकडे बिनधास्त 'टेक'. इट टेक्स करेज. द रेसिपी टेक्स थ्री एग्ज. द कार टेक्स डिझेल. आय टेक अ साइज सेव्हन.

आणि वाक्याची बांधणीही बघा. 'मला उज्जैनला पोचायला दीड तास लागला' याचं 'इट टुक मी ॲन अवर अँड अ हाफ टु रीच उज्जैन'. आपलं 'मला' तिकडे 'मी' म्हणून जसंच्या तसं क्रियापदाच्या मागे बसतं. फरक इतकाच की इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे एक बाहुला 'इट' बसवतात. हे एकदा दाखवलं की 'माय टाइम वॉज गॉन' बंद होतं.

---

लष्करची नर्सबाई

ग्वाल्हेरहून हजेरी. आमचं खातं म्हणजे टेकचं कोठार. बीपी घेणे, टेंपरेचर घेणे, हिस्टरी घेणे, या तीन ठिकाणी मराठीतही आम्ही 'घेणे'च म्हणतो, त्यामुळे सोपं जातं. पण टाके काढणे हे 'टेक आउट द स्टिचेस', टाके घालणे मात्र 'पुट इन'. पेशंटला वॉर्डात नेणे 'टेक', आणि ओपीडीतून वर घेऊन ये म्हटलं तर 'ब्रिंग'. मराठीत नेणे आणि आणणे इतके स्वच्छ वेगळे आहेत की यात मराठी मुलीचा घोळ व्हायलाच नको. तरी होतो, कारण डोक्यात 'टेक म्हणजे घेणे' बसलंय आणि 'नेणे'ला इंग्रजीत कोण हे कोणी सांगितलंच नाही.

औषधाचं म्हणाल तर गोळी असो, पातळ औषध असो, 'टेक' म्हणा आणि मोकळे व्हा. इकडे सगळे 'गोळी खाल्ली' म्हणतात, म्हणून 'ईट'. पातळ औषध पितात म्हणून 'ड्रिंक'.

एक गोष्ट पेठकरांसाठी. डॉक्टर चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात ती आडवी रेघ मारलेली आर काढतात ना, ती लॅटिन 'रेसिपे' या शब्दाची खूण. रेसिपे म्हणजे 'घे!' अशी आज्ञा, पुढे कोणती द्रव्यं किती घ्यायची ते. स्वयंपाकाची 'रेसिपी' तिथूनच. म्हणजे कांदा दोन, टोमॅटो तीन आणि पॅरासिटामॉल एक, सगळं एकाच हुकमाखाली.

अजून एक. लस 'लागू पडली' किंवा त्वचेचं रोपण 'धरलं' याला 'द ग्राफ्ट टुक' म्हणतात. पुढे काही नाहीच, नुसतं 'टुक'. ताईंच्या 'अर्थ पुढच्या नामात' या नियमात हे बसत नाही.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

बसत नाही, खरं आहे. तिथे 'टेक' एकट्याने उभं राहतं. आणि बघा, कलमाला आपण 'कलम लागलं' म्हणतो. तात्या पुन्हा खूश होणार. कापडाने रंग 'धरला' हेही तिकडे 'टेक'च, 'द क्लॉथ टुक द डाय'. नियम नव्वद टक्के असं म्हणत नाही, बहुतेक ठिकाणी चालतो असं म्हणू.

---

भंवरकुआं भिया

हे सगळं ठीक, पण आमचा खरा वैरी म्हणजे मागे चिकटणारे ते छोटे शब्द. ऑफ, ऑन, इन, अप, ओव्हर, आफ्टर. विमान 'टेक ऑफ' करतं आणि बूटही 'टेक ऑफ' होतात. भिया, बूट उडतात का?

---

निद्रिस्त कोडर

घरी आई चिडली की उडतात.

ऑफिसचं सांगतो. 'टेक ऑफ' आमच्याकडे चार प्रकारे फिरतं. शुक्रवारी सुट्टी काढली तर 'टेकिंग फ्रायडे ऑफ'. नवं ॲप चाललं तर 'इट टुक ऑफ', म्हणजे जोर धरला. बिलातून दहा टक्के कमी केले तर 'टुक टेन पर्सेंट ऑफ'. आणि मॅनेजरची नक्कल करणाराही त्याला 'टेक ऑफ' करतो, हे मात्र ब्रिटिश लोकांकडूनच ऐकलं. सगळ्यांत 'दूर होणे, सुटणे' आहे, जमिनीपासून, पायापासून, कामापासून, किमतीपासून. नकलेत मात्र ते मला सापडत नाही.

'टेक ओव्हर' म्हणजे कार्यभार घेणे. 'टेक ऑन' म्हणजे अंगावर घेणे, कामावर ठेवणे, किंवा एखाद्याशी दोन हात करणे. मीटिंगमध्ये 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणाले की समजायचं, हा विषय इथे नको, मागून बोलू. बऱ्याचदा मागूनही कोणी बोलत नाही.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

भिया, यात अर्थापेक्षा जागेचा नियम आधी शीक, गुण त्यावर जातात. बूट काढ: 'टेक ऑफ युअर शूज' चालतं, 'टेक युअर शूज ऑफ' चालतं. पण 'ते काढ' म्हणताना फक्त 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' कधीही नाही. सर्वनाम आलं की ते मध्येच बसणार. उलट 'टेक आफ्टर' फुटत नाही. 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. सर्वनाम आलं तरी 'शी टेक्स आफ्टर हर', 'टेक्स हर आफ्टर' नाही. विमानाच्या 'टेक ऑफ'ला तर कर्मच नसतं.

---

पोहे-जलेबी

मी ताईंच्याच वर्गातली, गृहिणी कोट्यातली. 'टेक आफ्टर'ला आपल्याकडे किती सुंदर आहे, 'आईवर गेलीये'. इंग्रजीत आईच्या मागे जायचं, मराठीत आईवर. हिंदीतही 'माँ पर गई है'.

'टेक इन' मी शिवणकामामुळे विसरत नाही. ब्लाउज ढगळ झालं तर बाजूंनी आत घ्यायचं, ते 'टेक इन'. उसवून सैल करायचं ते 'लेट आउट'. साडीचा फॉल नव्हे हं, पँटची उंची कमी करायची ते 'टेक अप'. बाकी 'टेक इन'चे अर्थ याच चित्रातून लागतात. निराधाराला घरात घेतलं, टेक इन. सांगितलेलं डोक्यात शिरलं, टेक इन. आणि एखाद्याने गोड बोलून गंडवलं तर आपण 'टेकन इन' झालो, म्हणजे त्याने आपल्याला खिशातच घातलं.

---

सदाशिव पेठकर

शेवटचं फार चांगलं. वहीत जरूर घालावं.

एक निरीक्षण. आपण इतका वेळ 'टेक म्हणजे घेणे नव्हे' म्हणतोय, पण 'घेणे'लाही कमी लेखू नये. फैलावर घेणे: 'टेक टु टास्क'. मनावर घेणे: 'टेक सीरियसली'. हाती घेणे: 'टेक अप'. शब्द मागे घेणे: 'टेक बॅक', अगदी जसंच्या तसं. शपथ घेणे, सूड घेणे, आश्रय घेणे, धोका पत्करणे नव्हे तर हल्ली 'धोका घेणे', हे सगळं 'टेक'. काळजी घेणे, भाग घेणे, निर्णय घेणेही. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश ढंगाचं आहे, अमेरिकन 'मेक' म्हणतात. मराठी मुलाला 'टेक' जवळचं, तेच बरोबर धरावं.

---

तात्या जुनेइंदूरकर

आणि जिथे 'घेणे' आहे पण 'टेक' चालत नाही, त्यांची जंत्री अजून मजेची. घराने पेट घेतला: तिकडे आग 'कॅच' होते. कानोसा घेणे, तोंडसुख घेणे, धसका घेणे, आळ घेणे, माघार घेणे, एखाद्याचा समाचार घेणे. यातलं एकही 'टेक'ने सरळ जात नाही. 'पेपरवाल्याने त्यांचा चांगलाच समाचार घेतला' याचं 'टुक द न्यूज' केलंत तर बिचारा बातमीदार होईल. 'काढता पाय घेणे'ला 'टेक लीव्ह' जवळ येतं, पण त्यात निरोप आहे. काढत्या पायात निरोप नसतो, लबाडी असते. पळ काढणाऱ्याला 'टुक टु हिज हील्स' म्हणतात, तिथे इंग्रजीतही पायच आले बघा.

---

भंवरकुआं भिया

आणि आमचं इंदुरी? 'टेंशन नको घेऊ', 'हलक्यात नको घेऊ', 'पंगा नको घेऊ'. आम्ही दिवसभर घेतच असतो.

---

सदाशिव पेठकर

'हलक्यात घेणे' हे हिंदी 'हल्के में लेना'वरून उचललेलं आहे. मराठीत 'किरकोळ समजणे', 'कमी लेखणे'.

---

मांडवी दरवाजा

पेठकर, आता पुण्या-मुंबईचे वृत्तवाचकही 'हलक्यात घेऊ नका' म्हणतात. आम्हा बाहेरच्या मराठ्यांवर खापर नको.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

यावर वेगळा धागा काढा बुवा. इथलं कामाचं एवढंच: 'हलक्यात घेणे' हे 'टेक लाइटली' बरोबर जातं, इंदुरी मुलगा तिथे चुकत नाही. 'टेक टेंशन' मात्र चुकतो. इंग्रजीत टेंशन घेत नाहीत, 'डोन्ट वरी' किंवा 'डोन्ट स्ट्रेस' म्हणतात. 'टेक रेस्ट'ही तसंच, 'गेट सम रेस्ट' म्हणावं. 'टेक बाथ' लिहिणाऱ्यांनी निदान मधला 'अ' तरी खाऊ नये. ब्रिटिश 'हॅव अ बाथ' म्हणतात, आणि अमेरिकेत 'ही टुक अ बाथ' म्हणजे कधीकधी शेअर बाजारात आंघोळ झाली, चांगलाच बुडाला. 'टेक ॲडमिशन'ऐवजी 'गेट ॲडमिशन'. 'हॅव यू टेकन युअर लंच?' हे ऐकणाऱ्याला वाटेल डबा बरोबर नेलास का. 'हॅव यू हॅड लंच?' पण 'डू यू टेक शुगर?' अगदी बरोबर, चहात साखर घेता का.

---

निद्रिस्त कोडर

क्रिकेट राहिलं. तिथे तर 'घेणे' आणि 'टेक' गळ्यात गळे घालून फिरतात. बळी घेणे, झेल घेणे, एकेरी धाव घेणे, सगळं 'टेक'. इंदूरला घडलेल्या नरेंद्र हिरवाणीने जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले. 'ही टुक सिक्स्टीन विकेट्स ऑन डेब्यू'. मुलांना हे एक वाक्य द्या, 'टुक' हा भूतकाळ जन्मात विसरणार नाहीत. 'टेकड' लिहिणारे मी इंजिनिअर लोकांत पाहिलेत.

आणि फलंदाज 'टेक्स गार्ड' करतो, त्याला मात्र मराठीत घेणे नाही.

---

सदाशिव पेठकर

'गार्ड घेणे' म्हणतात समालोचक.

---

निद्रिस्त कोडर

मग घेतलं.

---

लष्करची नर्सबाई

ताई, वहीत 'समजणे'चा कप्पा विसरू नका. 'व्हॉट डू यू टेक मी फॉर?' म्हणजे 'तू मला समजलास काय?' 'आय टेक इट यू आर द फादर' म्हणजे 'तुम्ही वडील ना?' आम्ही पेशंटच्या नातेवाइकांशी रोज हे बोलतो. आणि 'टेक फॉर ग्रँटेड'ला 'गृहीत धरणे' इतकं नेमकं आहे की वेगळं शिकवायलाच नको.

शिवाय 'इज धिस सीट टेकन?' इथे मुलींना फार कोडं पडतं, खुर्ची कोणी कुठे नेली म्हणून. इथे कोणी बसलंय का, एवढंच.

---

लोकमान्यनगरची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. वहीचे कप्पे आता असे पाडते: लागणे, नेणे, काढणे, समजणे, मग सरळ 'घेणे'. त्यानंतर ऑफ-इन-अपवाले, आणि शेवटी 'इथे टेक लावू नये' असं एक पान. परीक्षेचं वाक्य मुखपृष्ठावर जाईल.

---

पोहे-जलेबी

ताई, बाजाराचं एक राहिलं. सीतलामाता बाजारात साडीचा भाव करायला गेलं की दुकानदार शेवटी म्हणतो ना, 'बाई, एकच भाव, घ्यायची तर घ्या'. ते 'टेक इट ऑर लीव्ह इट'. फक्त इंग्रजीत तो त्यानंतर मागून हाक मारत नाही.